घरात दुसरं मांजर आणताना आधी वासाची ओळख

कोकणात नवं मांजर घरी येतं ते बहुतेक पिशवीतून. कुणाच्या तरी गोठ्यात भाटी व्यालेली असते, बंदरावर एखादं पिल्लू पायात घोटाळतं, नाहीतर मुंबईचं बिऱ्हाड आवरून गावी परतणारे चाकरमानी फ्लॅटमधलं मांजर सोबत घेऊन येतात. पिशवी ओटीवर उघडली जाते, बशीत दूध येतं, आणि घरात आधीपासून राहणारी मनी पाठ फुगवून फिस्कारू लागते. नवं मांजर कपाटाखाली घुसतं. मग कुणीतरी जाणतं माणूस सांगतं, "दोन दिस भांडतली, मगे गप ऱ्हवतली."

कधी कधी ती खरंच गप्प होतात. पण त्या शांततेकडे नीट पाहिलं तर पुष्कळदा असं दिसतं की दोघांतलं एक माळ्यावरून खाली उतरायचंच थांबलंय. रात्री सगळे निजले की येऊन दोन घास खातं आणि परत वर जातं. किंवा मनीच घर सोडते. पिल्लू आणलं आणि आमची मनी घरी येईनाशी झाली, असं लोक सांगतात आणि ती रुसली म्हणतात. तिला आपल्याच घरात सुरक्षित वाटेनासं झालेलं असतं, एवढं साधं कारण त्यामागे असतं. 'भांडून मिटवू द्या' हा सल्ला मला म्हणूनच घातक वाटतो. निवाऱ्यातून दुसरं मांजर आणलेल्या अमेरिकेतल्या घरांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे निम्म्या घरांत सुरुवातीला मारामारी झाली होती, आणि पहिल्याच भेटीत ओरबाडणं-चावणं झालं त्या घरांत पुढेही भांडणं चालू राहण्याचा संभव जास्त होता. म्हणजे पहिली भेट बिघडली की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. ती बिघडू न देणं आपल्या हातात असतं, आणि त्याला लागतात ते थोडे आठवडे आणि एक बंद होणारी खोली.

बंदरावर नांदतात, मग घरात का नाही?

मिरकरवाड्याला किंवा हर्णैला मासळी उतरते तिथे मांजरं घोळक्याने फिरताना दिसतात. टोपल्यांच्या आसपास बसतात, एकमेकांना चाटतात, एकीची पिल्लं दुसरी पाजते. हे पाहिलेल्या माणसाला वाटणारच की मांजर हे कळपात राहणारं जनावर आहे, तेव्हा घरातली दोन मांजरं भांडतात तो त्यांचा नाठाळपणा.

बंदरावरचा घोळका बहुतेक एकाच गोतातला असतो. आई, लेकी, बहिणी, मावश्या. त्यांना जन्मापासून एकमेकींचा वास ठाऊक असतो आणि खाणं मुबलक असल्यामुळे त्यावरून वाद होत नाही. तिथेही बाहेरचं अनोळखी मांजर आलं तर त्याला सहज घेत नाहीत. हुसकावतात, आणि ते मांजर आठवडेच्या आठवडे कडेकडेने राहून हळूहळू ओळख वाढवतं. शिवाय बंदरावर पळून जायला चारी बाजू मोकळ्या असतात. आपण मात्र गोत नसलेल्या दोघांना चार भिंतींत एकत्र सोडतो आणि संध्याकाळपर्यंत ती एकत्र झोपावीत अशी अपेक्षा धरतो.

मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिकन रानमांजर. ते एकट्याने शिकार करतं, कारण उंदीर हा एकाच्याच पोटाला पुरणारा घास आहे. त्यात वाटेकरी परवडत नाही. कुत्र्याचे पूर्वज, लांडगे, टोळीने शिकार करतात, त्यामुळे भांडणानंतर समेट करण्याचे त्यांचे ठरलेले मार्ग आहेत: मान खाली घालणं, पोट दाखवणं, तोंड चाटणं. मांजराकडे ही सोय फार तोकडी आहे. त्याला वाद मिटवायचा एकच हुकमी उपाय माहीत असतो आणि तो म्हणजे लांब जाणं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. पण इतक्या काळात मांजर माणसाशी जुळवून घ्यायला जितकं शिकलं तितकं परक्या मांजराशी जुळवून घ्यायला शिकलेलं नाही. जमिनीच्या हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालणारे वाद कोकणात सगळ्यांनी पाहिलेत. मांजराचा वाद त्याच जातीचा आहे. त्याला समोरच्याशी वैर नसतं. आपली खाण्याची, झोपण्याची, हगण्या-मुतण्याची आणि येण्याजाण्याची वाट कुणी अडवेल ही त्याची धास्ती असते.

वासाने बांधलेलं घर

आपल्याला घर डोळ्यांनी ओळखू येतं, मांजराला नाकाने. त्याच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंज्यांच्या गाद्यांमध्ये वास सोडणाऱ्या ग्रंथी असतात. मनी येता-जाता दाराच्या चौकटीला, खांबाला, तुमच्या पोटऱ्यांना गाल घासते तेव्हा ती त्या जागेवर स्वतःची खूण ठेवत असते. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात. ज्याला तो वास आहे तो घरचा, ज्याला नाही तो परका. चेहरा दुय्यम.

कधी मनी एखाद्या ठिकाणी हुंगून तोंड अर्धवट उघडं ठेवून स्तब्ध उभी राहते. तिच्या वरच्या पुढच्या दातांमागे टाळूत दोन बारीक छिद्रं असतात, ती जेकबसन इंद्रियाकडे जातात. दुसऱ्या मांजरांनी सोडलेले संदेश ती त्या इंद्रियाने तपासत असते. नवं मांजर समोर येण्याआधी ह्या नाकाला त्याची सवय झाली, तर दिसल्यावर बसणारा धक्का पुष्कळ कमी होतो. ओळख करून देण्याची सगळी पद्धत एवढ्या एका गोष्टीवर उभी आहे.

आणावं का, कोणतं आणावं

"मनी एकटी पडते, तिला सोबत हवी" म्हणून दुसरं मांजर आणणार असाल तर थोडं थांबा. मोठं झालेलं, एकट्याने राहिलेलं मांजर सोबतीअभावी झुरतच असेल असं नाही. त्याला तुमची सोबत, खेळ आणि उन्हाची जागा एवढं पुरू शकतं. पिल्लांच्या आयुष्यात साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ मोलाचा असतो. त्या वयात ज्यांचा इतर मांजरांशी चांगला संबंध आला ती पुढे दुसऱ्याला लवकर स्वीकारतात. मनीचं ते वय कसं गेलं हे आठवून पाहा.

म्हातारी मनी आणि तीन महिन्यांचं धडपडं पिल्लू ही जोडी लोकांना गोड वाटते. म्हाताऱ्या मनीला मात्र तो छळ असतो. पिल्लाला दिवसभर झडप घालायची असते, हिला सांधे दुखत असतात. अशा घरात एकाऐवजी दोन भावंडं एकदम आणली तर ती एकमेकांशी खेळतात आणि मनीला सोडतात. एरवी वय आणि स्वभाव जुळणारं मांजर पाहावं. नर की मादी ह्यापेक्षा नसबंदी झाली आहे की नाही ह्याने जास्त फरक पडतो. नसबंदी न झालेला बोका भिंतींवर मुताचे फवारे मारतो, रात्री बाहेरच्या बोक्यांशी झुंजतो आणि तोच ताण घरात आणतो. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत विते. बोक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही त्याच्या अंगातला जुना जोर ओसरायला काही आठवडे लागतात, हे धरून ओळखीचा बेत ठरवा.

ओळखीआधी तपासणी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दळ मुख्यतः गाईम्हशींची असते, तेव्हा मांजरांची लस आहे का हे आधी फोन करून विचारलेलं बरं. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर. ह्यात सर्वांत भयंकर रोग म्हणजे मांजरांचा पार्व्हो, पॅनल्यूकोपेनिया. उलट्या, जुलाब, आणि पिल्लू पाहता पाहता जातं. त्याचा विषाणू घरात, भांड्यांवर, गोणपाटात वर्षभरही तग धरू शकतो. तुमच्याकडे अलीकडे एखादं पिल्लू असं गेलं असेल तर लस न टोचलेलं नवं पिल्लू त्या घरात आणू नका. मोठं मांजर आणत असाल तर ल्युकेमियाच्या आणि एफआयव्हीच्या (मांजराची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणाऱ्या) विषाणूची रक्ततपासणी होते का ते विचारा. पहिला लाळेतून, एका बशीत खाण्याने आणि चाटण्यानेही पसरतो, दुसरा मुख्यतः चाव्यातून.

आपल्या दमट हवेत नायटाही फार. नव्या मांजराच्या कानांवर, तोंडावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर दाखवून घ्या. तो मनीलाही होतो आणि घरच्या पोरांनाही. आणि पिसवा-गोचिडांबद्दल एक कळकळीची सूचना. गोठ्यात गुरांना फवारायचं किंवा कुत्र्याला लावायचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. पर्मेथ्रिनसारखी त्यातली द्रव्यं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत. झटके येऊन मांजर मरतं. मांजराचं वेगळं औषध मिळतं, तेच आणा.

खोली, आणि तिच्यावरचं छत

नव्या मांजराला पहिले निदान दोन आठवडे एका खोलीत वेगळं ठेवायचं. दोन आठवडे एवढ्यासाठी की लपलेला आजार तोवर वर येतो, आणि दोघांनाही एकमेकांचा वास दाराच्या फटीतून मिळू लागतो.

शहरातल्या माणसाला हे सांगितलं की तो बेडरूमचं दार लावून मोकळा होतो. कौलारू घरात एवढ्याने भागत नाही. आपल्या जुन्या घरांत आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात. खोलीचं दार लावलं तरी वरून सगळं घर एकच असतं. मांजर कपाटावरून भिंतीच्या माथ्यावर, तिथून वाशावर आणि वाशावरून थेट माजघरात उतरतं. दाराला कडी लावून आपण निर्धास्त झोपतो आणि मध्यरात्री दोघं तुळईवर समोरासमोर येतात, जिथून खाली पडायचीही भीती आणि मागे फिरायलाही जागा नाही. ह्याहून वाईट पहिली भेट असू शकत नाही. म्हणून जिला फळ्यांचा माळा किंवा स्लॅब आहे अशीच खोली निवडा. नवी बांधलेली संडास-बाथरूमची खोली असेल तर तीही चालेल, कोरडी आणि उजेडाची असली म्हणजे झालं. कौलांच्या कडेची आणि खिडकीची फट तपासा. घाबरलेलं नवं मांजर बाहेर निसटलं तर त्याला परतीची वाट ठाऊक नसते. कठडा नसलेली विहीर, गावातली कुत्री, रात्री वाडीत फिरणारा बिबट्या, ह्यांतलं काहीही गाठू शकतं.

खोलीत काय लागतं? लपायला तोंड असलेलं खोकं किंवा आडवा ठेवलेला हारा. झोपायला गोणपाट. पाणी. एका कोपऱ्यात घमेल्यात वाळू किंवा लाकडाचा भुसा, आणि त्याच्यापासून लांब खाणं. घाणीशेजारी मांजर जेवत नाही. चुलीतली राख घालू नका, ओली झाली की पंज्यांना झोंबते. नखं परजायला एखाद्या वाशाच्या तुकड्यावर सुंभ घट्ट गुंडाळून उभा करा, सोफ्यापेक्षा तो त्याला नक्की आवडेल.

ह्या काळात मनीचं काहीही बदलू नका. तिची पाटावरची जागा, तिच्या जेवणाची वेळ, संध्याकाळी तुमच्या मांडीवर बसणं, सगळं होतं तसं. नव्याचं कौतुक बंद दाराआड करा. लोक पाहुण्याच्या नादात जुन्याला विसरतात आणि मनीच्या दृष्टीने तो नवा वास म्हणजे माणूस हरवणं असं समीकरण होऊन बसतं.

वासापासून ताटापर्यंत

नवं मांजर खोलीत निवांत खाऊ-झोपू लागलं की वासाची देवघेव सुरू करायची. मऊ फडका घ्या, नव्याच्या गालांवरून आणि हनुवटीवरून हलके फिरवा. तो मनीच्या जेवणाच्या जागेपासून थोडा दूर ठेवा. मनीचा फडका नव्याच्या खोलीत. मग नुसतं बघा. मनीने हुंगलं आणि निघून गेली, उत्तम. फडक्यावर फिस्कारली, तर फडका आणखी लांब सरकवा आणि रोज थोडा थोडा जवळ आणा. नंतर दोघांची गोणपाटं बदला. मग मनीला तासभर नव्याच्या खोलीत ठेवून ती हुंगू द्या, आणि तेवढा वेळ नव्याला घरभर हिंडू द्या. भेट अजून झालेलीच नाही, तरी दोघांचा मिळून घराचा एक वास तयार होऊ लागलेला असतो.

पुढचा टप्पा ताटाचा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांची बशी, सुरुवातीला दारापासून चांगली दोन-तीन हात लांब. इथे आपल्याला बांगड्याचा मोठा आधार आहे. त्याचा वास असा की भेदरलेलं मांजरही खायला तोंड घालतं. मीठ-मसाला न घालता उकडायचा, काटे काढायचे आणि रोजच्या जेवणाव्यतिरिक्त हा घास फक्त दारापाशीच द्यायचा. कच्चे मासेच सतत घालू नका, काही माशांमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं आणि ते उकडल्यावर जातं. कालवणातली उरलेली फोडही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पोट बिघडतं, आणि ह्या दिवसांत बिघडलेलं पोट ताणाचं की आजाराचं हे कळेनासं होतं.

दोघंही निवांत खातात असं दिसलं की रोज बश्या थोड्या जवळ सरकवा. एखाद्या दिवशी मनी खाणं थांबवून दाराकडे टक लावून पाहू लागली तर बशी पुन्हा कालच्या जागेवर न्या. कितीही आठवडे लागोत, वेग दोघांपैकी जो हळू आहे त्याचा. परक्या वासासमोर पोटभर जेवता आलं म्हणजे त्या वासाची भीती उतरत चालली, आणि तेवढ्याचसाठी हा खटाटोप आहे.

दारापाशी दोघं शेजारी-शेजारी जेवू लागली की एकमेकांना दिसू द्यायचं. दाराच्या चौकटीत खुराड्याला लावतात ती तारेची जाळी ठोकली की काम होतं, वर अर्ध्यापर्यंत चादर अडकवा आणि रोज थोडी वर घ्या. घरात पडलेलं जुनं मासेमारीचं जाळं मात्र बांधू नका, त्यात पंजा किंवा मान अडकते आणि घाबरलेलं मांजर स्वतःला जखमी करून घेतं. जाळीपलीकडचं दिसूनही दोघं खात राहिली, अंग चाटत बसली, डोळे मिचकावून तोंड फिरवलं, तर जाळी काढायचे दिवस आले.

समोरासमोरची पहिली भेट भुकेच्या वेळी, आणि अगदी थोडी. दोघांना पळायला वेगवेगळी वाट हवी, चढायला उंच जागा हवी. सुंभाच्या टोकाला कोंबडीचं पीस बांधून एकाने एकाशी खेळावं, दुसऱ्याने दुसऱ्याशी. चांगलं चाललं असतानाच संपवा. आणखी थोडं बघू म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. दोघांना उचलून नाकाला नाक लावायला लावणं हा तर जुलूमच आहे. मांजराला पळता येत नाही असं कळलं की ते फक्त चावू शकतं.

फिस्कारण्याला भिऊ नका. लांब राहा, एवढंच ते सांगणं असतं, आणि समोरच्याने ऐकलं तर काम झालं. खेळ आणि भांडण ओळखायचं तर आवाज ऐका. खेळ बहुतेक मुका असतो, आळीपाळीने चालतो, कान पुढे असतात, नखं आत. भांडणात कान मागे चपटे, शेपूट पिंजारलेली, घशातून गुरगुर, आणि पाठलाग कायम एकाचाच. तसं झालं तर मध्ये हात घालू नका. सूप, उशी, पुठ्ठा, जे हाताशी असेल ते दोघांच्या मध्ये सरकवा, एकाला खोलीत जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद दारापासून सुरुवात करा. पाणी फेकणं, झाडू मारणं ह्याने त्यांना एवढंच कळतं की हा दुसरा जवळ आला की मार पडतो. तुम्हाला चावा बसला किंवा खोल ओरखडा उठला तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मांजराचा चावा दिसायला बारीक, पण आत लवकर चिघळतो, आणि रेबीजची लस टाळण्यासारखी गोष्ट नाही. मांजराला जखम झाली म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते.

आवाज नसलेला छळ

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या भांडणाची. अमेरिकेतल्या मांजरांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२४ मध्ये घरातल्या मांजरांमधल्या तणावावर मार्गदर्शिका काढली, तिचाही भर ह्यावर आहे की लोकांना मारामारी दिसते, पण मूक धाक दिसत नाही. एक मांजर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आडवं पडून राहतं. तुम्हाला वाटतं, ऐसपैस झोपलंय. पण दुसरं पाण्यापर्यंत जाऊ शकत नाही. एक नुसतं टक लावून बघतं आणि दुसरं बशी सोडून उठतं. हे महिनोन्‌महिने चालतं. मग दुसरं पलंगावर मुततं, पोटावरचे केस चाटून चाटून काढतं, आणि घरचे म्हणतात खोडी लागली.

ह्यावर उपाय म्हणजे वाटण्या. खाणं, पाणी, वाळूची पाटी, झोपायची जागा, सगळं दोन ठिकाणी, आणि एका ठिकाणाहून दुसरं दिसणार नाही असं. एकाच भिंतीला लावलेल्या दोन पाट्या मांजराच्या लेखी एकच पाटी. दोन मांजरांना तीन पाट्या असाव्यात. कौलारू घरात उंचीची चैन असते, तिचा उपयोग करा: कोनाडा, माळ्याची कड, कपाटाचा माथा. फक्त वर जायच्या वाटा दोन ठेवा, नाहीतर एक जण शिडीशी बसून दुसऱ्याला वर कोंडतो.

पलंगावर किंवा ओटीवर मुतलं तर फिनाइलने पुसू नका. मांजराला ते विषारी आहे, आणि उग्र वासाखाली मुताचा वास तसाच राहतो. कपडे धुण्याच्या एन्झाइमवाल्या पावडरीच्या पाण्याने धुऊन वाळवा. सारवलेल्या जमिनीत मूत मुरतं. वरचा थर खरवडून तेवढा भाग नव्याने सारवावा लागतो. बोका पाटीत वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर मात्र हा स्वभावाचा प्रश्न समजून वाट पाहू नका. ताणामुळे बोक्यांची मूत्रनलिका तुंबू शकते आणि दिवस-दीड दिवसात जीवावर बेततं. दोन दिवस काही न खाल्लेलं मांजरही डॉक्टरकडे न्या. उपास घडला की मांजराचं यकृत बिघडतं, लठ्ठ असेल तर अधिकच.

पाऊस, गणपती आणि बाहेरचा बोका

ओळखीसाठी काळ निवडता आला तर दिवाळीचे फटाके संपल्यानंतरचा निवडावा. पावसाळ्यात मनी दिवसचे दिवस घरात असते, तिला गडग्यावर किंवा मांगरात जाऊन राग शमवता येत नाही, सगळा ताण चार भिंतींत साठतो. गणपतीत तर मुळीच नको. घर माणसांनी भरलेलं, झांजा, फटाके, दारं सताड उघडी. पावसात पिल्लू सापडलं तर टाकून द्या असं कोण म्हणेल? घरात घ्या, वेगळं ठेवा, पण जाळी काढायची घाई पाऊस ओसरेपर्यंत करू नका.

आपल्याकडे मांजर आत-बाहेर करतं, हे शहरी सल्ल्यात येत नाही. मनीची हद्द उंबऱ्याशी संपत नाही. नारळीच्या बागेपर्यंत, शेजाऱ्याच्या परसापर्यंत ती पसरलेली असते. त्यामुळे नव्याला बाहेर सोडण्याआधी घरातली ओळख पुरी व्हायला हवी, आणि त्याने घरात निदान तीन-चार आठवडे काढलेले असावेत. पहिल्यांदा सोडायचं ते जेवणाआधी, थोडा वेळ, तुम्ही अंगणात असताना. तिन्हीसांजेला दोघंही आत.

आणि बाहेरचा बोका. छान नांदणारी दोन मांजरं एका रात्रीत एकमेकांच्या जिवावर उठतात, तेव्हा कारण पुष्कळदा खिडकीबाहेर असतं. मनीला गडग्यावर परका बोका दिसतो, ती त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, आणि अंगात उसळलेला राग शेजारी झोपलेल्या सोबत्यावर निघतो. त्या सोबत्याला काहीच कळत नाही, तो घाबरतो, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघं एकमेकांना पाहून फिस्कारतात. दोघांना वेगळ्या अंधाऱ्या, शांत खोल्यांत ठेवा, एखाद-दोन दिवस जाऊ द्या, आणि दाराआडच्या ताटापासून पुन्हा सुरू करा. खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकला तरी फरक पडतो. त्या बोक्याची नसबंदी करून आणता आली तर सगळ्या वाडीचं भलं होईल. दवाखान्यातून परतलेल्या मांजराबाबतही असंच घडतं. त्याच्या अंगाला औषधांचा वास असतो, घरचा वास पुसलेला असतो, आणि दुसरं त्याला ओळखतच नाही. त्याला रात्रभर वेगळ्या खोलीत त्याच्याच गोणपाटावर झोपवा.

पिल्लू असेल तर सगळी ओळख तीन-चार आठवड्यांतही होते. मोठ्या मांजरांना काही महिने लागतात, आणि शेवटी ती एकमेकांना बिलगून झोपतीलच असं नाही. एक ओटीवर, एक मागीलदारी, जेवायला दोघं वेळेवर, वाटेत भेटली तर एकजण बाजूला होतो: एवढं झालं तरी ओळख यशस्वी समजा. कित्येक महिने नेटाने करूनही एकजण सतत लपत असेल, वजन उतरत असेल, तर पशुवैद्यांशी औषधोपचाराबद्दल बोला. घराचे दोन भाग करून दोघांना कायमचं वेगळं ठेवणं जमत असेल तर तोही चांगला मार्ग आहे. तेही जमत नसेल तर दुसरं घर नव्याला शोधावं, मनीला नको. जिथे आधीचं मांजर नाही असं घर पाहा, आणि त्याचं न धुतलेलं गोणपाट व वाळूची पाटी सोबत द्या.